ठिणगीचे दोन कारभारी

आकुर्डीपासून चाकणपर्यंत पसरलेल्या या कारखान्यांच्या मुलखात मनुष्य कोणत्याही वयाचा, हुद्द्याचा वा वेतनश्रेणीचा असो, मोटारीच्या निदान एका अवयवावर त्याचा अधिकार चालतोच. आणि तो अधिकार त्याने टूलरूममध्ये तीस वर्षे घासून संपादन केला, की कंपनीच्या बसमध्ये खिडकीशेजारी बसून दुसऱ्याच्या बोलण्यातून उचलला, याची चौकशी करण्याची येथे वहिवाट नाही. १९६० नंतरच्या दशकात टेल्कोने पिंपरीत आणि बजाजने आकुर्डीत बस्तान बसवले, १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका अस्तित्वात आली, २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांनी चाकणच्या माळावर मुक्काम ठोकला, आणि या साऱ्या घडामोडींची परिणती अशी झाली, की या शहरात जुन्या मोटारीचे बॉनेट उघडणे ही खासगी बाब उरली नाही. प्राधिकरणातल्या आमच्या सोसायटीत बॉनेट वर गेले, की चहा गाळून होईपर्यंत चार गृहस्थ तेथे हजर असतात आणि त्यांपैकी एकाच्या खिशात फिलर गेज, म्हणजे फट मोजण्याच्या पात्यांचा जुडगा, असतो. रविवारी सकाळी पायजम्याच्या खिशात फिलर गेज घेऊन फिरायला निघणारे लोक भारतात अन्यत्र कोठे असतील असे मला वाटत नाही.

माझी मोटार १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, फियाट कंपनीच्या इटालियन आराखड्यावरून ही गाडी १९६४ पासून तयार होऊ लागली. आरंभी ती 'डिलाइट' होती, १९७२ साली 'प्रेसिडेंट' झाली, आणि दोनच वर्षांत राष्ट्राध्यक्षपदाचा राजीनामा देऊन चितोडच्या राणीच्या नावाने नांदू लागली. इतकी नामांतरे झाली तरी बॉनेटखालचे १०८९ सीसीचे इंजिन आणि त्याच्या कुशीत बसलेला डिस्ट्रिब्यूटर यांच्या स्वभावात काडीचाही पालट झाला नाही. ज्या सुमारास आमच्या पद्मिनीचे बारसे होत होते, त्याच सुमारास, म्हणजे १९७३ साली, अमेरिकेत क्रायसलर कंपनी आपल्या गाड्यांना सरसकट इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून मोकळी झाली होती. ती वार्ता कुर्ल्यास पोहोचली असेलच. परंतु ज्या काळात गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणारे गिऱ्हाईक दारात उभे होते, त्या काळात गाडीत सुधारणा करण्याची निकड कोणाला भासणार होती?

आता जुने पॉइंट ठेवावेत की इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे, हा आमच्याकडचा वाद कशाचा, हे ज्यांनी आयुष्यात डिस्ट्रिब्यूटरची टोपी उघडलेली नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगणे प्राप्त आहे. बॅटरीत असतात अवघे बारा व्होल्ट, आणि प्लगच्या टोकाशी ठिणगीने उडी मारावी यासाठी लागतात पंधरा-वीस हजार. ही पदोन्नती इग्निशन कॉइल करते. पण ती करते केव्हा, तर तिच्यातून वाहणारा प्रवाह एकाएकी तोडला म्हणजे. हे तोडण्याचे काम ज्या दोन चिमुकल्या धातूच्या टिकल्या करतात, त्यांना पॉइंट म्हणतात. डिस्ट्रिब्यूटरच्या मध्यभागी चार उंचवट्यांचा एक कॅम फिरत असतो. प्रत्येक उंचवटा पॉइंटच्या फायबरच्या टाचेला ढकलतो, टिकल्या विलग होतात, ठिणगी पडते. चार सिलिंडरांच्या इंजिनात दर फेऱ्याला हे दोनदा घडते. अर्थात मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांनी इंजिन चालले, तर तासाभराच्या रपेटीत या टिकल्यांची फारकत आणि मीलन तीन लाख वेळा होते. चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन गृहस्थाने ही व्यवस्था बसवली आणि १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत ती प्रथम दाखल झाली. पुढे साठ-सत्तर वर्षे साऱ्या जगाची पेट्रोलवरची वाहतूक या टिकल्यांवर चालली, हे लक्षात आणले म्हणजे मनुष्यजातीच्या धैर्याविषयी आदर वाटू लागतो.

पॉइंटचा स्वभाव मला नेहमी जुन्या कचेरीतल्या एखाद्या मुरलेल्या कारकुनासारखा वाटत आला आहे. हा कारकून कामचुकार नसतो. पण कुरकुरल्यावाचून त्याला दिवस ढकलता येत नाही. आज टाच झिजली, उद्या टिकल्यांवर खड्डा पडला, परवा शेजारच्या कंडेन्सरशी बिनसले, अशा त्याच्या फिर्यादी दरमहा दाखल होत राहतात. तो कामावर येतो, पण उशिरा येतो. फायबरची टाच झिजून फट कमी झाली म्हणजे ठिणगी मागे रेंगाळते, आणि चढावर गाडी दप्तरदिरंगाईच्या चालीने चालू लागते. तथापि तो कधीही पूर्वसूचनेवाचून राजीनामा देत नाही. आधी सकाळी स्टार्टर जरा जास्त फिरवावा लागतो, मग 'मिसिंग' सुरू होते, मग सायलेन्सरमधून एखादा फटाका वाजतो. म्हणजे अर्ज, स्मरणपत्र आणि अंतिम नोटीस या तिन्ही पायऱ्या यथासांग पार पाडल्यावरच तो संपावर जातो. आणि संपावर गेला तरी काडेपेटीच्या गूल लावलेल्या बाजूने त्याच्या टिकल्या घासल्या, की घर गाठण्यापुरता तो पुन्हा रुजू होतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशन हा त्याच कचेरीत वरून नेमून आलेला तरुण अधिकारी. तो वेळेवर येतो, वेळेवर जातो, चहाला उठत नाही, तक्रार करत नाही, त्याच्याविरुद्ध कोणाची तक्रार येत नाही. आणि एके दिवशी, तुम्ही चाकणच्या तळेगाव चौकात पुढे कंटेनर, मागे कंटेनर आणि डाव्या अंगाला कामगारांनी भरलेली बस अशा अवस्थेत उभे असता, तो कोणासही न सांगता कायमचा निघून जातो. त्याला घासता येत नाही, चुचकारता येत नाही, आणि काडेपेटी तर त्याला दाखवताही येत नाही.

चिंचवड स्टेशनच्या बाजूला आमचे एक मिस्त्री आहेत. त्यांच्यासमोर मी हा सर्व ऊहापोह विस्ताराने मांडला, तेव्हा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये फुंकर मारता मारता त्यांनी निकाल दिला : "साहेब, पॉइंट बिघडला तर गाडी रडत रडत का होईना घरी येते. ते नवीन बिघडलं, तर गाडी टोचन करून आणावी लागते. आता तुम्हाला रडणं चालतंय का टोचन, ते तुम्ही ठरवा." या विषयावर तज्ज्ञांनी लिहिलेली बरीच पृष्ठे मी चाळली आहेत, एवढा मुद्देसूद उतारा मला त्यांत आढळला नाही.

पॉइंटची फट बसवणे ही क्रिया वर्णनात फार सोपी आहे. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीच्या दोन स्प्रिंगच्या क्लिपा मागे ओढायच्या, टोपी तिच्या वायरींसकट बाजूला कलंडवायची, रोटर उपटून खिशात घालायचा आणि कॅमचा उंचवटा बरोबर टाचेखाली येईपर्यंत इंजिन फिरवायचे. यासाठी गाडी टॉप गिअरला टाकून इंचाइंचाने ढकलावी लागते, आणि येथे सोसायटीतील गृहस्थांचा प्रथम उपयोग होतो. "थोडी पुढे... अजून थोडी... बास, बास! आता मागे" असे पुकारे सुरू झाले, की गॅलऱ्यांतून माणसे वाकून पाहू लागतात. उंचवटा जागेवर आला, की पॉइंटचा स्क्रू सैल करायचा, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे फिलर गेजचे पाते टिकल्यांमध्ये सरकवायचे, पाते लोण्यातून नव्हे आणि लाकडातूनही नव्हे अशा बेताने सरकू लागले की स्क्रू आवळायचा. आणि स्क्रू आवळला, की फट बदलते. ती बदलतेच. स्क्रू आवळताना पॉइंटची पट्टी केसभर सरकते आणि एवढा वेळ साधलेला बेत जातो. म्हणून जाणता मनुष्य फट मुद्दाम किंचित चुकीची ठेवून स्क्रू आवळतो, जेणेकरून आवळण्याच्या चुकीने ती बरोबर व्हावी. 'किंचित' म्हणजे किती, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. ते ज्याच्या मनगटात असते त्याला या गावात मान असतो.

आमच्याकडे हे मनगट टूलरूमवाल्या काकांचे आहे. आयुष्यभर मायक्रॉनच्या हिशेबात वावरलेला हा मनुष्य पद्मिनीच्या डिस्ट्रिब्यूटरवर वाकला, की श्वास रोखून धरतो. त्यांच्या शेजारी क्वालिटी खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब उभे असतात, ते स्वतः हात लावत नाहीत, परंतु काकांनी बसवलेली फट आपल्या स्वतःच्या फिलर गेजने पुन्हा तपासतात आणि न चुकता विचारतात, "चारही लोबवर घेतलं का माप?" हा प्रश्न वरवर पाहता खोडसाळ वाटतो, पण त्यात तथ्य आहे. पन्नास वर्षे फिरलेल्या डिस्ट्रिब्यूटरचा दांडा आपल्या बुशमध्ये किंचित डुलत असतो, आणि त्यामुळे एका उंचवट्यावर साधलेली फट दुसऱ्यावर साधेलच याचा भरवसा नसतो. मग काका म्हणतात, "ॲव्हरेज काढलंय." क्वालिटीवाले साहेब म्हणतात, "ठिणगी ॲव्हरेजवर पडत नाही हो." येथून पुढचा अर्धा तास दोघांच्या जुन्या खात्यांत चालत आलेल्या एका ऐतिहासिक वैराची उजळणी होते, आणि पद्मिनी तोंड उघडे टाकून ऐकत राहते.

या सभेत एक तरुणही असतो. चाकणच्या एका कारखान्यात तो तयार गाड्यांची अंतिम तपासणी करतो. पहिल्या वेळी त्याने बॉनेटखाली बराच वेळ डोकावून पाहिले आणि अतीव नम्रतेने विचारले, "काका, स्कॅनर कुठे लावायचा?" त्याचा दोष नाही. त्याच्या हाताखालून दररोज जाणाऱ्या गाड्यांत ठिणगी केव्हा पाडायची हे एक संगणक ठरवतो, प्रत्येक सिलिंडराच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसलेली असते, डिस्ट्रिब्यूटर हा पदार्थच त्या घराण्यातून नाहीसा झालेला आहे, आणि काही बिघडले तर पडद्यावर आकडा उमटतो. आमच्या गाडीत आकडा उमटत नाही. नाकाला वास येतो. कंडेन्सर गेल्याचा वास वेगळा, कॉइल तापल्याचा वेगळा, आणि कोणी किल्ली चालू ठेवून जेवायला गेल्याचा तर फारच वेगळा.

इलेक्ट्रॉनिक संचाची बाजू मांडणारा मनुष्य दुबळा असतो असे कोणी समजू नये. त्या संचाची रचना मोठी सुटसुटीत आहे. पॉइंट आणि कंडेन्सर काढून टाकायचे, कॅमवर चुंबकांचे एक कडे चढवायचे, पॉइंटच्या जागी डांबरासारख्या काळ्या राळेत कायमची समाधी घेतलेली एक चकती बसवायची, एक तांबडी आणि एक काळी अशा दोन तारा कॉइलला जोडायच्या, वर जुनीच टोपी घालायची. बाहेरून पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. घासणारे काही नाही म्हणून झिजणारे काही नाही; दांडा डुलला तरी चुंबकाला त्याची फारशी फिकीर नसते; रेडिओवर विविध भारती लावली असता इंजिनाच्या ठेक्यावर जी खरखर ऐकू येते, तीही संचाबरोबर ज्या कार्बनच्या प्लगवायरी घ्याव्या लागतात त्यांनी पुष्कळ निवळते. अट एवढीच, की तांबडी आणि काळी यांची अदलाबदल करू नये. पॉइंटच्या बाबतीत असली गफलत झाली, तर तो दोन दिवस रुसतो; ही चकती त्याच क्षणी प्राण सोडते, आणि तेही धुराची रेघ न काढता.

आणि पॉइंटचा पक्ष हल्ली एका वेगळ्याच कारणाने खचत चालला आहे. ते कारण म्हणजे पॉइंट. जुन्या साठ्यातला अस्सल माल दुर्मिळ झाला; नवीन जो मिळतो, त्याची फायबरची टाच पाहता पाहता झिजते, स्प्रिंग लेचीपेची असते, आणि कंडेन्सर तर खोक्यातून बाहेर येतानाच मरणोन्मुख असतो. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारून काही हाती लागते का ते पाहावे, तर तेथले विक्रेते आता पॉइंटला 'अँटिक' म्हणून भाव सांगतात. कुदळवाडीच्या भंगारात एके काळी सगळे सापडे म्हणतात. परंतु २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने ती वसाहत जमीनदोस्त केल्यापासून तोही आधार गेला. ज्या प्रदेशात दर दिवशी हजारो वाहनांचे सुटे भाग केसाच्या अंशापर्यंत मोजून तयार होतात, त्या प्रदेशात एक चण्याएवढी फायबरची टाच धड मिळू नये, याला काय म्हणावे ते मला सुचत नाही. टूलरूमवाल्या काकांना सुचते, पण ते छापण्याजोगे नाही.

या पेचात कायद्याचा प्रवेश महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या आप्पांनी घडवून आणला. केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैमध्ये जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम जारी केले. पन्नास वर्षे उलटून गेलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी अथवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. वीस हजार रुपये शुल्क भरले की नंबरपाटीवर 'व्हीए' ही अक्षरे मिळतात आणि दहा वर्षे निश्चिंती होते. पद्मिनी २०२४ साली पन्नाशीस पोहोचली, त्यामुळे हा मान तिच्या वाट्याला येण्यास हरकत नव्हती. आप्पांनी नियमांची प्रत मागवली, चष्मा पुसला आणि ते थबकले. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. मग पॉइंट काढून चुंबक बसवणे हा इंजिनातला फेरबदल ठरतो काय? आप्पांनी दोन दिवस विचार केला आणि कुळकायद्याचे दावे निकाली काढणाऱ्या गंभीर स्वरात फैसला सुनावला : "डिस्ट्रिब्यूटर हा इंजिनाचा स्थावर भाग नव्हे, जंगम आहे. दोन क्लिपांवर आणि एका बोल्टवर उभा आहे. जंगमात बदल केल्याने मिळकतीचं मूळ स्वरूप बदलत नाही." हा निकाल एमएच-१४ च्या कार्यालयात टिकेल की नाही, याची परीक्षा घेण्याचे धाडस मी अद्याप केलेले नाही.

परंतु याच नियमांत दुसरेही एक कलम आहे आणि त्याने सारा वाद पालथा घातला. अशी नोंद झालेली गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती, एवढ्याच कारणांसाठी तिने फाटकाबाहेर पडावे. म्हणजे भाजी आणायला जाणे बेकायदा, सासुरवाडीस जाणे बेकायदा, पण दुरुस्तीस जाणे मात्र पूर्णपणे सनदशीर! हे वाचल्याबरोबर पॉइंटपक्षात नवचैतन्य संचारले. ज्या गाडीत पॉइंट आहेत, ती गाडी कोणत्याही दिवशी, कोणत्याही घटकेस दुरुस्तीस पात्र असते. तिला अडवणाऱ्या हवालदारासमोर टोपी काढून नुसते आत बोट दाखवले तरी पुरावा सादर होतो. इलेक्ट्रॉनिक संच बसवलेल्या गाडीचा मालक कोणत्या तोंडाने सांगणार, की मी दुरुस्तीस निघालो आहे?

शुद्धतेचा मुद्दा मात्र माझ्या मते सर्वांत पोकळ आहे. जुन्या गाडीत नव्या युगाची वस्तू घालणे हा अधर्म आहे, असे क्वालिटीवाले साहेब एकदा तावातावाने बोलले. वस्तुतः ती काळी चकती ज्या तत्त्वावर चालते, ते चुंबक आणि विद्युत्प्रवाह यांच्या संबंधाचे तत्त्व एडविन हॉल या अमेरिकन संशोधकाने १८७९ साली शोधून काढले. केटरिंगचे पॉइंट त्यानंतर तीस वर्षांनी आले. वयाच्या ज्येष्ठतेने बढती द्यायची झाली, तर चुंबकाचा हक्क पहिला लागतो. मी हे सांगितल्यावर साहेब क्षणभर निरुत्तर झाले आणि मग म्हणाले, "ते ठीक आहे, पण खंडेनवमीला काय करणार?" हा आघात अनपेक्षित होता. आकुर्डी-भोसरीत खंडेनवमीस यंत्राला हळद-कुंकू वाहण्याची रीत घरोघर आहे. लेथ असो, ड्रिल असो, पान्यांची पेटी असो. आमच्याकडे त्या दिवशी डिस्ट्रिब्यूटर उघडून पॉइंटवर एक टिंब, कंडेन्सरवर एक टिंब आणि कॅमला ग्रीसचे बोट असा विधी चालतो, आणि त्यांतला ग्रीसचा भाग तर शास्त्रानेही सांगितलेला आहे, निदान गाडीच्या पुस्तकाने तरी. राळेत बुजवलेल्या चकतीला कुंकू लावायचे ते कोठे?

अखेर गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी संच बसवला. हा निर्णय तत्त्वाचा नव्हता, नव्या पॉइंटची तिसरी जोडी टाच सोडून मोकळी झाली, आणि मिस्त्री म्हणाले, "आता तुमची इच्छा." तांबडी तार तांबडीस, काळी काळीस जोडली गेली, किल्ली फिरवताच पद्मिनी जी सुरू झाली ती तशीच चालू राहिली, आणि तेव्हापासून तिने अवाक्षर काढलेले नाही. मिस्त्रींच्या सल्ल्यावरून जुनी पॉइंटची पट्टी कंडेन्सर आणि स्क्रूड्रायव्हरसकट एका स्टीलच्या डब्यात घालून डिकीत ठेवली आहे. जुन्या कारकुनाला बडतर्फ न करता दीर्घ रजेवर पाठवल्याचा हा प्रकार. गाडी सकाळी पहिल्या झटक्यात सुरू होते. चाकणला जाऊन येते. चढावर कुरकुरत नाही. तिच्याविषयी मिस्त्रींना सांगण्यासारखे माझ्याकडे काही उरलेले नाही, आणि ते फोनवर "बरं चाललंय ना?" असे विचारतात तेव्हा त्यांच्या स्वरात व्यवसायापलीकडची एक रुखरुख असते.

परवाच्या रविवारी बॉनेट उघडले, ते केवळ रेडिएटरमध्ये पाणी घालण्यासाठी. चहा गाळून होण्याच्या आत काका, साहेब, आप्पा आणि तो चाकणचा तरुण असे चौघेही उपस्थित होते. काकांनी टोपी काढली, आतल्या चुंबकाच्या कड्याकडे व्याह्याकडे पाहावे तसे पाहिले, टोपी परत बसवली. फिलर गेज त्यांच्या हातात उघडलेला होता आणि त्याच्या पात्याला सरकवण्याजोगी एकही फट समोर नव्हती. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग ते म्हणाले, "प्लगचे गॅप कधी बघितलेत?"

"बघायला हवेत," साहेब म्हणाले, "चारही."

तरुण पाना आणायला धावला. आप्पांनी खुर्ची मागवली. मी आत जाऊन चहाचे आधण वाढवायला सांगितले.